मुदत संशोधकाला, मोकळीक विद्यापीठाला

खानदेशाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १५ ऑगस्ट १९९० रोजी. तोवर जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणाच्या प्रत्येक कागदासाठी पुणे विद्यापीठाकडे पाहावे लागे. गिरणेच्या काठी, बांभोरीजवळ उभे राहिलेले हे विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती आणि परीक्षा नावाच्या वस्तूशी जिचा आयुष्यात कधी संबंध आला नाही, तिचे नाव तेथील प्रत्येक पदवीपत्रावर उमटते. हा योगायोग गोड आहे, पण त्या गोडव्यात फार वेळ रमण्यासारखी परिस्थिती नाही. कारण याच विद्यापीठात काय किंवा महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठात काय, एखाद्या शेतकऱ्याच्या वा कामगाराच्या मुलीने संगणकशास्त्रात विद्यावाचस्पती, म्हणजे रूढ भाषेत पीएच.डी., होण्याचे मनात आणले तर तिच्यापुढे परीक्षांची जी माळ उभी राहते, तिच्यात विद्येची परीक्षा थोडी आणि सोशिकपणाची व खिशाची परीक्षा फार, असे म्हणण्याची पाळी येते.

ही माळ आधी नीट पाहिली पाहिजे. कारण कार्यकर्त्यांपैकी अनेकांचा विद्यापीठाशी संबंध पदवीपाशी संपलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी जे विनियम जारी केले ते सध्या लागू आहेत. त्यांनुसार पहिला उंबरठा प्रवेशपरीक्षेचा. राष्ट्रीय पातळीवरील नेट उत्तीर्ण व्हावे, किंवा विद्यापीठाची स्वतःची परीक्षा द्यावी, जिला सर्वजण ‘पेट’ म्हणतात. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर. त्यानंतर मुलाखत, लेखी परीक्षेला ७० टक्के भार आणि मुलाखतीला ३०. प्रवेश मिळाला की किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, आणि त्यात ५५ टक्के गुण मिळाले नाहीत तर पुढची वाट बंद. मग संशोधनाचा आराखडा संशोधन सल्लागार समितीपुढे मांडायचा, विषय मंजूर करून घ्यायचा, आणि दर सत्राला त्याच समितीपुढे उभे राहून प्रगती दाखवायची. प्रबंध तयार झाला की पूर्व-सादरीकरण. वाङ्मयचौर्याची यांत्रिक तपासणी. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांचे अहवाल. आणि अखेरीस खुली मौखिकी. एवढे सारे किमान तीन व कमाल सहा वर्षांत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना त्यावर आणखी दोन.

या साऱ्याच टप्प्यांना ‘जाचक’ ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००९ च्या विनियमांपूर्वीचा काळ आठवून पाहावा. अनेक ठिकाणी नोंदणी आणि प्रबंध यांच्या मध्ये एकच दुवा असे, आणि तो म्हणजे मार्गदर्शकाची मर्जी. मार्गदर्शकाच्या घरचे कार्य, त्याच्या पुस्तकाची मुद्रिते तपासणे, त्याच्या पिशव्या वाहणे, ही त्या काळी संशोधनपद्धतीचीच प्रकरणे होती. समितीपुढे सत्रागणिक सादरीकरण आले, लेखी नोंद आली, तेव्हा एका माणसाच्या सरंजामीला थोडा तरी लगाम बसला. अभ्यासक्रम आला तेव्हा ग्रामीण महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला निदान एक सत्र कोणी तरी काही तरी शिकवील, अशी सोय झाली. समाजवाद्याने परीक्षेलाच विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे, की ही परीक्षा नेमकी कोणाची होते.

विनियमांचा मजकूर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने करारपत्र वाचावे तसा वाचला तर एक गोष्ट लगेच ध्यानी येते. करारात दोन पक्ष आहेत, संशोधक आणि संस्था. दोघांनाही मुदती घालून दिलेल्या आहेत. पण संशोधकाने मुदत चुकवली तर त्याची नोंदणी जाते. सादरीकरण असमाधानकारक ठरले आणि समितीने सुचवलेली सुधारणा झाली नाही, तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस समिती करू शकते. संस्थेच्या बाजूला काय आहे? प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापनाची संपूर्ण प्रक्रिया पुरी व्हावी यासाठी संस्थेने योग्य त्या पद्धती विकसित कराव्यात, असे वाक्य आहे. त्या पद्धती विकसित झाल्या नाहीत तर? परीक्षकाने अहवालच पाठवला नाही तर? समितीची बैठक गणसंख्येअभावी दोनदा पुढे गेली तर? या प्रश्नांवर विनियम गप्प आहेत. एका पक्षाला दंड आणि दुसऱ्या पक्षाला उपदेश, अशा कराराला मजूर चळवळीत जे नाव आहे ते येथे उच्चारण्याची गरज नाही. हा ठपका एखाद्या विशिष्ट विद्यापीठावर किंवा एखाद्या अधिकाऱ्यावर ठेवण्याचाही हेतू नाही. दोष करारातच आहे, आणि सज्जन कुलसचिव नेमल्याने तो दूर होणारा नाही.

विलंबाचीही किंमत असते आणि ती कोणी तरी भरतच असते. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये असा दर आहे. पाच वर्षांचा हिशेब केला तर घरभाडे सोडून ही रक्कम २४ लाखांवर जाते. संशोधकाच्या एका महिन्याची किंमत राष्ट्राने स्वतःच ४२,००० ठरवली असेल, तर एखाद्याचा प्रबंध कपाटात सहा महिने अधिक पडून राहिला म्हणजे त्याचे अडीच लाखांचे नुकसान झाले. ते नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच ते करणे परवडते. आणि ज्याला अधिछात्रवृत्तीच नाही, त्याचे काय? केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना दरमहा ८,००० रुपये मिळत. तेवढेही बंद करण्याचा घाट २०१५ साली घातला गेला, तेव्हा दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला होता. राज्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्याला त्या ८,००० चाही अधिकार नव्हता. टप्पे मात्र दोघांनाही तेच, मुदत तीच आणि समितीपुढचे प्रश्नही तेच.

आता या चौकटीत खानदेशातला संशोधक उभा करून पाहावा. संगणकशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना, मग ते बी.सी.ए. असो वा बी.एस्सी. संगणक, अनुदान नाही. तेथील अध्यापक तासिका तत्त्वावर किंवा ठोक मानधनावर नेमला जातो. शिकवलेल्या तासाचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. चोपडा, शिरपूर, शहादा, पाचोरा अशा कोणत्याही गावातला हा तरुण किंवा तरुणी सकाळी दोन तास, दुपारी तीन तास शिकवते, संध्याकाळी शिकवण्या घेते, आणि पीएच.डी. करते ती अर्धवेळ. विनियमांनी अर्धवेळ संशोधनाला परवानगी दिली आहे, हे चांगलेच झाले. पण तीसाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ज्याची नोकरी दर जूनमध्ये नव्याने सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते, त्याला सहा वर्षांच्या संशोधनासाठी ना-हरकत कोणी द्यायची? संस्थाचालकाच्या हाती पूर्वी पगाराची दोरी होती, आता विद्येचीही आली.

समितीपुढे सत्रागणिक सादरीकरण म्हणजे या अध्यापिकेचा दिवसभराचा खाडा. बस, रिक्षा, छायाप्रती आणि बुडालेल्या तासांचे पैसे मिळून जो आकडा होतो तो तिच्या लेखी क्षुल्लक नसतो. स्त्री-संशोधकाला बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण जिला मुळातच वेतन नाही आणि विद्यावेतनही नाही, तिच्या बाबतीत रजा या शब्दाचा अर्थ फक्त मुदतीतून वजा होणारे दिवस एवढाच उरतो.

मार्गदर्शक मिळणे हीच या प्रदेशात एक अलिखित परीक्षा आहे. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक कायम सेवेतलाच असला पाहिजे, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियम शहाणपणाचे आहेत. पण कायम सेवेतली पदे वर्षानुवर्षे भरलीच नाहीत तर हेच शहाणे नियम दार बंद करणारे ठरतात. शासन पद भरत नाही म्हणून मार्गदर्शक नाही, मार्गदर्शक नाही म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून मग ‘पेट’ची चाळणी अधिकच बारीक. जी टंचाई शासनाने निर्माण केली, तिला गुणवत्तेचे नाव मिळते.

राज्याने बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमार्फत वंचित व मागास समाजांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती सुरू केल्या, तेव्हा या चित्रात थोडा उजेड आला होता. पण २०२३ मध्ये जागांची संख्या प्रत्येक संस्थेमागे २०० वर आणून ठेवण्यात आली आणि त्यासाठी आणखी एक चाळणी परीक्षा लावण्यात आली. ज्यांचा पीएच.डी.ला प्रवेश आधीच झाला होता, त्यांची पुन्हा परीक्षा! २४ डिसेंबर २०२३ ला ती झाली तेव्हा प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच असल्याचे विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घेतली, तेव्हा प्रश्नपुस्तिकांना मोहोर नसल्याची तक्रार करून अनेक केंद्रांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. त्याआधी काही दिवसच, डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी हे विद्यार्थी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा आशयाचे उद्गार काढले होते. उद्गाराबद्दल पुष्कळ निषेध झाला. परंतु उद्गार हा फक्त धूर होता. विस्तव होता तो २०० च्या मर्यादेत.

परीक्षा घेणाऱ्यांच्या कर्तबगारीचा आणखी एक दाखला राष्ट्रीय पातळीवरचा. १८ जून २०२४ रोजी देशभरात नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने ती रद्द केली. ऑगस्ट अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी ती पुन्हा झाली. त्या वर्षीपासूनच नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरायचे ठरले होते. उमेदवार दहा मिनिटे उशिरा आला तर केंद्राचे फाटक उघडत नाही. परीक्षा घेणारी यंत्रणा दोन महिने उशिरा आली तर तिला कोणत्या फाटकाबाहेर उभे करायचे?

या ठिकाणी एका जुन्या प्रबंधाची कथा आठवणे अप्रस्तुत होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी संपली नव्हती, विषय संपला नव्हता. पैसा संपला होता. लंडन विद्यापीठाने मात्र त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करण्याची मुभा दिली होती. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेले पैसे आणि छत्रपती शाहू महाराजांचे व स्नेह्यांचे साहाय्य या बळावर ते १९२० मध्ये परत गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे दुरुस्तीसाठी परत आला, तो त्यांनी दुरुस्त केला, आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. परीक्षा कठोर होती यात संशय नाही. पण संस्थेने विद्यार्थ्याच्या दारिद्र्याचा काळ त्याच्या मुदतीतून कापून घेतला नाही, हेही त्याच कथेत आहे. आजच्या विनियमांत गरिबीमुळे खंडित झालेल्या काळासाठी असा एकही रकाना नाही.

खानदेशाच्याही स्मरणात विद्यावेतनाची एक परंपरा आहे. अमळनेरला प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून अभ्यासक येत, राहत आणि विद्यावेतनावर चिंतन-लेखन करीत. साने गुरुजींना अमळनेरला आणले तेही या मंदिरानेच; प्रताप हायस्कूलमधली शिक्षकी नंतरची. त्या विद्यावेतनाचा पैसा अखेर गिरणीचा होता आणि त्यामागे गिरणी कामगाराचा घाम होता, हे गुरुजींना पुढे चांगलेच उमगले. तरीही एवढे खरे, की विचार करणाऱ्या माणसाला आधी जेवू घातले पाहिजे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका गिरणीमालकाला कळत होती. लोकशाही शासनाला ती कळायला हरकत नसावी.

आता विषयाच्या अंतरंगाकडे. संगणकशास्त्र हे इतर शास्त्रांच्या मापाने मोजता येत नाही, आणि एकाच मापाने सर्वांना मोजण्याची आयोगाची हौस येथे विशेष अंगाशी येते. या शास्त्राची गती भयंकर आहे. २०१७ च्या जूनमध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी भाषेच्या यांत्रिक आकलनाची एक नवी रचना मांडली. आजची संभाषण करणारी सारी यंत्रे तिच्यावर उभी आहेत. २०१५-१६ च्या सुमारास ज्याने मराठी मजकुराच्या यांत्रिक भाषांतरावर नोंदणी केली असेल, त्याची अभ्यासलेली पद्धत अभ्यासक्रम, आराखडा आणि दोन-चार सादरीकरणे आटोपेपर्यंत जुनी झाली. दोष त्याचा नव्हे. पण विषयाचे शीर्षक बदलायचे तर पुन्हा समिती, पुन्हा मंजुरी. घड्याळ मात्र पहिल्या दिवसापासूनचेच चालू. मग बिचारा शहाणपणाने जुनेच शीर्षक पुढे रेटतो आणि जे जगाने टाकून दिले त्यावर प्रबंध लिहितो. अशा प्रबंधाला पदवी मिळते, कारण सारे टप्पे वेळेत पार पडलेले असतात.

याहून गंभीर गोष्ट अशी, की या सहा-सात परीक्षांपैकी एकाही परीक्षेत कोणी संशोधकाची आज्ञावली चालवून पाहत नाही. संगणकशास्त्रातील बहुतेक प्रबंधांचा गाभा हा एखादी रीत, तिची आज्ञावली आणि तिने दिलेले निष्कर्ष हा असतो. परीक्षकाच्या हाती पडतो तो छापील वा इलेक्ट्रॉनिक प्रबंध. पदवीनंतर ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवला जातो तोही प्रबंधच. आज्ञावली आणि जिच्यावर प्रयोग केले ती माहिती जमा करण्याची अट विनियमांत नाही. प्रबंधातील वाक्ये इतरांच्या वाक्यांशी किती जुळतात हे यंत्राने मोजले जाते. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत माफ, ४० पर्यंत दुरुस्ती, ६० पर्यंत वर्षभर बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द, अशा पायऱ्याही ठरलेल्या आहेत. पण निष्कर्षाचे आकडे खरे आहेत की टेबलावर बसून रचले आहेत, हे तपासण्याची पायरी नाही. भांड्याचा आकार मोजला जातो, आत दूध आहे की पाणी ते पाहिले जात नाही.

आज्ञावली चालवायची तर यंत्र लागते. आजच्या संशोधनाला लागणारी शक्तिमान यंत्रे लाखांच्या घरातली आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसला. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी १०,००० कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. आकडे मोठे आहेत. शहाद्याच्या अध्यापिकेच्या वाट्याला मात्र महाजालावरचे फुकटचे गणनयंत्र येते, जे काही तासांनी आपोआप बंद पडते, आणि मग रात्रभर चाललेला प्रयोग सकाळी पहिल्यापासून सुरू करावा लागतो. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा बोलणारे म्हणून १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. अहिराणी ऐकून समजणारे यंत्र कोणी मोठी कंपनी नफ्यासाठी बनवील हे संभवत नाही. रावेर-यावलच्या केळीवरचा करपा छायाचित्रावरून ओळखणारी आज्ञावलीही शेतकऱ्याच्या हाती परवडेल अशी व्हायची तर ती याच मातीतल्या संशोधकाने केली पाहिजे. ही कामे त्याच अध्यापिकेकडून व्हायची आहेत, जिला आपण यंत्र देत नाही, वेतन देत नाही, आणि सत्रागणिक ‘प्रगती काय?’ म्हणून विचारतो.

प्रसिद्ध लेखांच्या अटीने तर एक बाजारच उभा केला. २०१६ च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी किमान एक शोधनिबंध नियतकालिकात आणि दोन सादरीकरणे परिषदांत, अशी अट घातली. संगणकशास्त्रात खरी चुरस परिषदांतून होते, तेथील निवड अनेकदा नियतकालिकांहून कडक असते. पण आयोगाच्या तराजूत परिषदेचे वजन कमीच. मग पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही आयोगाने मोडीत काढली. २०२२ च्या विनियमांनी प्रसिद्धीची सक्ती उठवली हे उत्तम झाले. परंतु मधल्या वर्षांत ज्यांनी उसनवारी करून छपाईचे पैसे भरले, त्यांची ती रक्कम बुडाली ती बुडालीच.

पदवीच्या उपयोगाबाबतही हेच. २०१८ मध्ये जाहीर झाले, की विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचे तर जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य. हजारोंनी धावपळ करून नोंदणी केली. अट जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली, आणि ती वेळ येताच आयोगाने सांगितले, की नेट वा सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. नियम बदलणे वाईट नाही. पण पाच वर्षांची नांगरणी झाल्यावर पीक बदलायला सांगणाऱ्याने बियाण्याचे पैसे द्यायचे असतात. ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांना या कशाचीच झळ लागत नाही, हे वेगळे सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातील तीन खाजगी विद्यापीठांना पीएच.डी.चे नियम धाब्यावर बसवल्याबद्दल पाच वर्षे नवे प्रवेश देण्यास मनाई केली. सार्वजनिक विद्यापीठात टप्प्यांची तटबंदी जितकी उंच, तितका खाजगी बाजारातला चोरदरवाजा रुंद.

दुसरी रीत असू शकते काय? अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग आहे. तो भांडवली जगाच्या अगदी मध्यभागी आहे, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचा प्रश्न नाही. पण तेथील एक पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सत्राच्या अखेरीस विभागातील सारे अध्यापक एकत्र बसतात आणि एकेका संशोधक विद्यार्थ्याची चर्चा करतात. विद्यार्थ्यांनी त्या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ असे नाव ठेवले आहे, त्यावरून त्याचा धाक कळतो. परंतु त्या सभेत विद्यार्थी नसतो. बोलावे लागते ते मार्गदर्शकाला. विद्यार्थी मागे का पडला, त्याला मदत काय मिळाली, याचे उत्तर सहकाऱ्यांपुढे त्याने द्यायचे, आणि विद्यार्थ्याला लेखी पत्र द्यायचे की तुझी स्थिती अशी आहे व पुढच्या सत्रात तुझ्याकडून ही अपेक्षा आहे. विद्यार्थ्याचे विद्यावेतन चालू असते. विभागाने ज्याच्यावर पैसा लावला आहे, त्याचे काम रखडणे हा विभागाचा तोटा ठरतो. आपल्याकडे रखडण्याचा तोटा एकट्या विद्यार्थ्याचा, म्हणून विभागाला घाई नसते. यामागे माणसांच्या स्वभावाचा भाग थोडा आणि पैसा कोणाचा अडकला आहे याचा भाग मोठा आहे.

यासाठी दिल्लीच्या आयोगाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून अस्तित्वात आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संशोधन सल्लागार समितीची बैठक, आराखड्याची मंजुरी, प्रबंध परीक्षकांकडे पाठवणे, अहवाल आल्यावर मौखिकी लावणे, या चार गोष्टी राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांनी या अधिनियमाखाली अधिसूचित कराव्यात, अशी मागणी अधिसभेत आणि विधिमंडळात करता येईल. दंडाची रक्कम किरकोळ आहे. महत्त्व आहे ते विलंबाच्या खाली कोणाचे तरी नाव लिहिले जाण्याला. संस्थेमुळे गेलेले दिवस संशोधकाच्या मुदतीत मोजू नयेत, हा ठराव तर विद्वत् परिषदेपुढे तातडीने नेता येईल. विद्यावेतन नसलेल्या प्रत्येक नोंदणीकृत संशोधकाला निर्वाहापुरती रक्कम मिळणे ही मागणी मोठी आहे आणि तिला लढा लागेल. संगणकशास्त्रापुरती एक लहान मागणी आणखी आहे: मौखिकीच्या दिवशी आज्ञावली परीक्षकांसमोर चालवून दाखवावी, आणि त्यासाठी लागणारे यंत्र विद्यापीठाने द्यावे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील पक्षाच्या युवक कार्यकर्त्यांनी त्याआधी एक साधे काम हाती घ्यावे. पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या तासिका अध्यापकांची गावोगाव गाठ घेऊन एका वहीत पाच तारखा उतरवून घ्याव्यात: नोंदणी कधी झाली, आराखडा कधी मंजूर झाला, प्रबंध कधी दिला, तो परीक्षकांकडे कधी गेला, मौखिकी कधी झाली. नावे लिहू नयेत. या लोकांच्या नोकऱ्या दर जूनला नव्याने ठरतात. अधिसभेच्या येत्या बैठकीपूर्वी निदान शंभर जणांच्या तारखा जमल्या, तर प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला भाषण करावे लागणार नाही, वही टेबलावर ठेवली तरी पुरे.